जुन्या लिऑनमधलं संरक्षित घर घेताय? खिडकीच्या आधी पन्हळ बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं सहा वर्षांपासून लिऑनमध्ये नोकरी करताय. साओन नदी आणि फुर्व्हिएरची टेकडी यांच्यामधल्या सँ-जाँ वस्तीत, सोळाव्या शतकातल्या एका घराच्या दुसऱ्या मजल्यावरचा 74 चौरस मीटरचा फ्लॅट तुम्हाला आवडलाय. दगडी चौकटीच्या खिडक्या, गोल जिना, आत चौक. एजंट म्हणाला, ‘इमारत मोन्यूमाँ इस्तोरिक, म्हणजे संरक्षित ऐतिहासिक वास्तू आहे, पण घाबरू नका, फक्त बाहेरून काही बदलायचं नाही. आत तुम्ही मालक.’ तुम्ही विचारलंय की खिडक्यांना दुहेरी काच लावता येईल का, स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाडता येईल का, एसी बसेल का, आणि मुळात हे घर घ्यावं का.

मी सोळा वर्षं याच शहरात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. त्याआधी पुण्यात शनिवार आणि नारायण पेठेतल्या वाड्यांची मोजमापं घेत फिरले. त्यामुळे तुमचा मोह मला कळतो. मी तुम्हाला त्यातून परावृत्त करणार नाही. पण तुमच्या चार प्रश्नांत एक राहून गेलाय, आणि माझ्या मते तोच पहिला हवा होता: या घरात पाणी कुठून येतं आणि कुठून जातं? त्याकडे येतेच. आधी एजंटचं वाक्य दुरुस्त करू.

तुमच्या घरावर संरक्षणाचे दोन थर आहेत आणि एजंटने त्यांचा घोळ केलाय. पहिला थर त्या इमारतीचा स्वतःचा. फ्रान्समध्ये 31 डिसेंबर 1913 च्या कायद्यावर ही सगळी व्यवस्था उभी आहे. ‘क्लासे’ हा वरचा दर्जा, ‘अँस्क्री’ हा त्याच्या खालचा. देशभरात अशा वास्तू 45 हजारांच्या आसपास आहेत. त्यातल्या बहुसंख्य अँस्क्री आहेत, आणि राहती खासगी घरं तर विशेष करून त्यातच मोडतात. दर्जा देणाऱ्या सरकारी आदेशाला ‘आरेते’ म्हणतात. त्यात नेमकं काय संरक्षित आहे ते लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा ती एखादीच ओळ असते: रस्त्याकडची व चौकातली दर्शनी भिंत, छप्पर, जिना, गॅलऱ्या, अशा धर्तीची. ही ओळ तुम्ही स्वतः वाचायची. एजंटने सांगितलेली चालत नाही. सांस्कृतिक मंत्रालयाच्या ‘पॉप’ या संकेतस्थळावर ‘मेरिमे’ नावाची सूची आहे. 1834 मध्ये देशातल्या वास्तूंचा महानिरीक्षक म्हणून नेमलेल्या प्रोस्पेर मेरिमेचं नाव तिला दिलंय. तिथे रस्त्याचं नाव आणि घरक्रमांक टाकला की नोंद उघडते.

दुसरा थर अख्ख्या वस्तीचा आहे, आणि ‘आत तुम्ही मालक’ हे वाक्य खोटं ठरतं ते इथे. 4 ऑगस्ट 1962 ला मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. त्या कायद्याखाली देशातलं पहिलं संरक्षित क्षेत्र ठरलं ते हेच जुनं लिऑन, 12 मे 1964 ला, सुमारे 24 हेक्टरांचं. अशा क्षेत्राचा स्वतःचा आराखडा असतो. तो रस्त्याची रेषा दाखवून थांबत नाही, उंबरा ओलांडून आत येतो. जिने, शेकोट्या, छतं, लाकडी तावदानं, फरशी, सगळं त्याच्या कक्षेत येतं. म्हणून इथे घराच्या आतल्या कामालाही अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जावर सरकारी वास्तुतज्ज्ञाची, म्हणजे ‘आर्शितेक्त दे बातिमाँ द फ्राँस’ची संमती लागते. सगळे त्याला ‘आ-बे-एफ’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. साध्या कामाच्या अर्जाला एरवी एक महिना लागतो, संरक्षित क्षेत्रात दोन. अँस्क्री भागालाच, म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा दर्शनी भिंतीला किंवा जिन्याला, हात लागणार असेल तर बांधकाम परवानगी लागते आणि फाइल प्रांताच्या सांस्कृतिक विभागाकडे, ‘द्राक’कडे जाते. 1998 साली युनेस्कोने लिऑनचं 427 हेक्टरांचं ऐतिहासिक केंद्र जागतिक वारशात घेतलं. तो मान मोठा आहे, पण तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीची परवानगी युनेस्को देत नाही.

इतके नियम कशाला, असं वाटेल. ही वस्ती वाचली कशी ते ऐकलंत तर नाही वाटणार. दुसऱ्या महायुद्धानंतर सँ-जाँ म्हणजे अंधारी, गळकी, दाटीची गरीब वस्ती होती. त्या काळचे महापौर लुई प्रादेल यांना गाड्यांसाठी शहर मोकळं करायचं होतं आणि या घरांच्या मधून मोठा रस्ता काढण्याचा बेत होता. 1946 पासून इथल्या रहिवाशांची ‘रनेसाँस द्यू व्हिए-लिऑन’ ही संघटना काम करत होती. त्यांनी विरोध केला, घरं दाखवली, चौक साफ केले, आणि अखेर पॅरिसहून मालरो यांचं वजन त्यांच्या बाजूला पडलं. तुम्ही ज्या गोल जिन्याच्या प्रेमात पडलात तो अशा माणसांनी वाचवलाय, ज्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात स्वतःचं न्हाणीघरही नव्हतं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला आमच्या पेठेतले, कागदावर एक ओळ नसल्याने रातोरात गेलेले वाडे आठवले. त्या दिवसापासून आ-बे-एफच्या कचेरीत थांबावं लागलं तरी मी कुरकुर करत नाही.

आता पाणी.

या घरांची रचना समजून घ्या. सोळाव्या शतकात लिऑनच्या जत्रांमुळे इटलीचे सराफ आणि व्यापारी इथे येऊन बसले. 1536 मध्ये राजा पहिला फ्राँस्वा याने शहराला रेशीम विणायची मुभा दिली आणि पैसा आणखी वाढला. जागा मात्र टेकडी आणि नदी यांच्यात चिमटलेली. मग रस्त्याकडे अरुंद तोंडाची एक इमारत, मागे दुसरी, मध्ये चौक, दोन्ही इमारतींना मजल्यामजल्याला जोडणाऱ्या दगडी गॅलऱ्या, आणि एका कोपऱ्यात गोल जिन्याचा मनोरा. रस्त्यावरून आत जायला कमानीचा बोळ, त्याला लिऑनकर ‘आले’ म्हणतात. तो चौकातून पुढे मागच्या रस्त्याला निघाला की त्याची ‘त्राबूल’ होते. सगळ्यात लांब त्राबूल 54, र्‍यू सँ-जाँपासून 27, र्‍यू द्यू बफपर्यंत जाते. सवडीने एकदा चालून या, चारेक चौक ओलांडाल. आणि 8, र्‍यू जुइव्हरीला जाऊन तरुण वास्तुरचनाकार फिलिबेर द लोर्मने 1536 मध्ये चौकाच्या वर अधांतरी बसवलेली गॅलरी बघा. आधी उभी असलेली घरं न पाडता, चौकातली जमीन न अडवता, दगडाच्या कमानपंख्यावर त्याने ती तोलली आहे. जागेची टंचाई माणसाला काय सुचवू शकते याचं इतकं देखणं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण याच रचनेत एक गोम आहे. दोन इमारतींची छपरं, जिन्याचा मनोरा, गॅलऱ्या, या सगळ्यांचं अर्ध्याहून जास्त पाणी चौकात उतरतं, आणि उतरतं ते दोन-तीन नळांतून. वाड्यात पागोळ्या सरळ चौकात पडायच्या, भिंत कोरडी राहायची. इथे पन्हळ आणि नळ भिंतीला चिकटून आहेत. नळाला मागच्या बाजूने, भिंतीकडच्या अंगाने चीर गेली की समोरून काही दिसत नाही आणि वर्षानुवर्षं पाणी भिंतीत झिरपत राहतं. त्या भिंतीत तुमच्या छताच्या तुळयांची टोकं आहेत.

इथली छतं आपल्या कडीपाटाची सख्खी भावंडं: जाड तुळया, त्यांवर आडव्या कड्या, वर फळ्या. तीन हिवाळ्यांपूर्वी तुमच्या गल्लीपासून जवळच मी एका खरेदीदार जोडप्यासाठी पाहणी केली. ओकची तुळई, जवळपास 30 सेंटिमीटर रुंद, रंग मधासारखा. मध्यावर हातोडीची मूठ आपटली तर खणखणीत आवाज. माझ्याबरोबरच्या सुताराने भिंतीपासून चार बोटांवर टोच्या टेकवला आणि नुसता दाबला. ठोकावं लागलं नाही. टोच्या मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढला तेव्हा त्याला कॉफीच्या चोथ्यासारखा ओला भुसा चिकटला होता. तुळई पाचशे वर्षांची असेल, तिचं टोक मात्र वीस-पंचवीस वर्षांत संपलं होतं. वर एका मालकाने गॅलरीत शॉवर बसवला होता, त्याचा सांधा गळत होता, आणि भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा असल्यामुळे आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती. दुरुस्ती झाली: कुजलेलं टोक कापलं, नवं ओक खाच घेऊन जोडलं, आत पोलादी पट्टी घातली, भिंतीत शिरणाऱ्या टोकाभोवती हवा खेळेल इतकी पोकळी ठेवली. पण त्यासाठी खालच्या मजल्यावर चार महिने टेकू होते आणि खालच्या कुटुंबाला दुसरीकडे राहावं लागलं.

म्हणून सिमेंटबद्दल मला तुम्हाला कळकळीने सांगायचंय. ही घरं टेकड्यांवरच्या पिवळसर चुनखडीची, विशेषतः शहराच्या उत्तरेकडच्या कूझोंच्या दगडाची, चुन्यात बांधलेली आहेत. चुना ओल घेतो आणि सोडतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी चांगल्या हेतूने त्यावर सिमेंट आणि प्लॅस्टिक पेंट चढवले. ओल आत कोंडली, ती क्षार घेऊन वर चढली, मग लोणा लागला, पोपडे सुटले, दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी गळायला लागला. उपाय म्हणजे सिमेंट हळूच, यंत्राचे दणके न देता काढणं, भिंतीला एक-दोन ऋतू सुकू देणं आणि पुन्हा चुन्याचा गिलावा करणं. सुकण्याचा वेळ कुणालाच आवडत नाही, पण तो वाचवायला गेलात तर नवा गिलावाही दोन वर्षांत सुटतो.

याला जोडूनच एक. फोटोत तुमच्या हॉलची एक भिंत उघड्या ओबडधोबड दगडांची आहे आणि तुम्ही तिला घराचं सर्वांत सुंदर अंग म्हटलंय. मला ती आवडत नाही. घडीव दगड, म्हणजे खिडकीची चौकट, कमान, जिना, हे उघडे राहण्यासाठीच घडवलेले असतात. भरावाचा ओबडधोबड दगड गिलाव्याखाली राहण्यासाठी होता. तो उघडा टाकायची फॅशन अलीकडची आहे, आणि त्यासाठी बऱ्याच वेळा जुना गिलावा, कधी कधी त्यावरचं रंगकामही, खरवडून फेकलं गेलंय. सांधे सिमेंटचे आहेत का ते नखाने बघा. राखाडी आणि नख न उमटणारे असतील तर ती भिंत गुदमरते आहे.

आणखी एक पाणी आहे, टेकडीचं. 1930 च्या नोव्हेंबरात, 12 आणि 13 तारखेमधल्या रात्री, फुर्व्हिएरचा उतार याच सँ-जाँवर कोसळला. जवळजवळ 40 माणसं गेली आणि त्यांत पहिल्या ढासळीनंतर मदतीला धावलेले 19 अग्निशामक जवान होते. टेकडीच्या पोटात जुन्या काळापासून पाणी वाहून नेणारे बोगदे आहेत. त्यांची देखभाल हा इथे जिवाशी संबंध असलेला विषय आहे. तुमचं घर रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला असेल तर काळजी कमी. टेकडीकडच्या अंगाला असेल आणि मागच्या चौकात आधारभिंत असेल, तर ती भिंत कुणाच्या मालकीची, तिच्यातली पाणी सोडायची भोकं वाहतात की बुजलीत, आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे लेखी विचारा.

आता तुमचे प्रश्न.

खिडक्या. प्लॅस्टिकच्या चौकटीची दुहेरी काच विसरा. तो अर्ज नामंजूर होतो आणि मला वाटतं व्हायलाच हवा. तुमच्या दर्शनी बाजूला ‘मेनो’ आहेत, म्हणजे खिडकीला उभं-आडवं विभागणारे दगडी खांब. त्यांतली झडप छोटी आणि चौकट सडपातळ असते. जाड काच बसवायला चौकट जाड केली की काचेतून येणारा उजेडच अर्धा जातो. चौकाकडच्या तुमच्या दोन खिडक्या फोटोवरून मला अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या वाटतात. त्या मिटवून, दोन झडपा मिळतात ती कड हाताने चाचपून पाहा. एका झडपेची कड गोल फुगीर आणि दुसरीची तशीच खोलगट, एकीत दुसरी नेमकी बसते. इथले सुतार या सांध्याला ‘मेंढा आणि लांडग्याचा जबडा’ म्हणतात. वारा अडवायची ती त्यांची युक्ती, आणि शंभर-दीडशे वर्षांनंतरही सांधा घट्ट बसत असेल तर ती खिडकी फेकण्यासारखी नाही. सुताराकडून कुजलेला तळपट्टा बदलून घ्या, कडेला बारीक खाच घेऊन रबरी पट्टी बसवा, आणि आतल्या अंगाने दुसरी हलकी लाकडी खिडकी करा. जुनी तशीच राहते, आवाज आणि थंडी दोन्ही अडतात, आणि आ-बे-एफला मी हा उपाय अनेकदा पटवलाय. जुन्या तावदानातली काच थोडी लाटांसारखी दिसली तर ती जपा. तशी काच पुन्हा मिळत नाही.

तुम्ही पुढे घर भाड्याने द्यायचा विचारही बोलून दाखवलात, म्हणून ऊर्जेच्या दाखल्याचं सांगते. घर किती ऊर्जा खातं त्यावरून तो ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी देतो, ‘जी’ सगळ्यात वाईट. ‘जी’ श्रेणीची घरं 1 जानेवारी 2025 पासून नव्याने भाड्याने देता येत नाहीत, 2028 पासून ‘एफ’ आणि 2034 पासून ‘ई’ त्यात येतील. वारशाच्या नियमांमुळे काम नाकारलं गेलं तर त्याचा पुरावा उपयोगी पडतो, त्यामुळे नकाराचं प्रत्येक पत्र जपून ठेवा.

भिंत. तिला हात लावण्याआधी ती काय करते आहे ते कळायला हवं. मुळात ती नुसती आडोशाची, लाकडी चौकटीत भरलेली असेल. पण वरची तुळई वाकत वाकत तिच्यावर टेकली असेल तर भार नसलेली भिंत शंभर वर्षांत भार घ्यायला शिकते. ती काढली की वरच्या मजल्याची जमीन खाली बसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल लागेल, आणि भार निघाला तर सोसायटीची मंजुरीही. शिवाय त्या भिंतीच्या वर प्लास्टरचं सपाट छत आहे. ते सोळाव्या शतकातलं नाही. त्याच्यावर काय दडलंय हे आधी बघायचं. आम्ही त्या छतात हाताएवढं एक भोक पाडतो, आणि रंगाचे थर असतील तर शस्त्रक्रियेच्या पात्याने एकेक थर सोलून पट्ट्या मोकळ्या करतो. एका घरात मी असं करताना वरून खाली पांढरा, राखाडी, पुन्हा पांढरा, आणि चौथ्या थराखाली गेरूच्या लाल रंगातली पानवेल कडीवरून चालत गेलेली पाहिली. त्या दिवशी मालकीणबाई स्टुलावर चढून किती तरी वेळ नुसतं बघत होत्या. असं काही निघालं तर ते झाकता किंवा तोडता येत नाही, तुमचा आराखडा बदलावा लागतो आणि कामाचं वेळापत्रक पुढे जातं. माझा सल्ला: भिंत पाडण्याऐवजी तिच्यात रुंद दार मागा. ते मिळण्याची शक्यता बरीच जास्त आहे.

एसीचं बाहेरचं यंत्र दर्शनी भिंतीवर किंवा चौकात लावता येणार नाही. जाड दगडी भिंतींचं घर उन्हाळ्यात रात्री उघडलं आणि दिवसा मिटलं तर पुष्कळ थंड राहतं. लिऑनमध्ये खिडकीबाहेर लाकडी पट्ट्यांचे गुंडाळी पडदे असतात, आणि ते गुंडाळल्यावर लपवायला वरती नक्षीदार पत्र्याची झालर. तुमच्या घराला तशी झालर शिल्लक असेल तर पडदा परत लावायची परवानगी मागा. परंपरेतलीच गोष्ट असल्याने तिला सहसा हरकत नसते.

स्वयंपाकाचं मात्र एजंट कधीच विचारत नाही आणि आपल्याला ते महत्त्वाचं. फोडणीची वाफ आणि तेल जाणार कुठे? चौकातल्या भिंतीला भोक पाडून पंखा बसवू देणार नाहीत. शेकोटीचं जुनं धुराडं रिकामं असेल तर त्यातून नळी वर नेता येते, पण धुराडं आधी कॅमेऱ्याने तपासावं लागतं आणि ते सोसायटीच्या मालकीचं असेल तर परवानगी घ्यावी लागते. धुराडं नसेल तर हवा गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी घ्यावी लागेल आणि मोहरी तडतडताना खिडकी उघडी ठेवावी लागेल. कडीपाटाच्या छताखाली रोज वाफ कोंडू देऊ नका.

न्हाणीघर कुठे आहे तेही सांगा. या घरांतली बरीच न्हाणीघरं गॅलरीच्या कमानी बंद करून किंवा चौकात खोका बाहेर काढून नंतर केलेली आहेत. संरक्षित क्षेत्राच्या नकाशात ठेवायच्या इमारती गडद रेघांनी भरलेल्या असतात आणि नंतरची जोड पिवळी असू शकते. पिवळं म्हणजे मोठ्या परवानगीच्या वेळी ती काढायची अट घातली जाऊ शकते. तुमचं न्हाणीघर पिवळ्यात असेल तर तुम्ही 74 नाही, कदाचित 70 चौरस मीटरच विकत घेताय, आणि त्यात न्हाणीघर नाही. महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशा बघायला मिळतो.

पैशाचं बोलू. इथली ‘कोप्रोप्रिएते’ म्हणजे आपली हाउसिंग सोसायटी, 10 जुलै 1965 च्या कायद्याने चालणारी. दर्शनी भिंत, छप्पर, जिना, पन्हळ हे सगळ्यांचं. गेल्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं विक्रेत्याने द्यायचीच असतात. ती शब्दन् शब्द वाचा. ‘छताची दुरुस्ती पुढच्या वर्षी घेऊ’ हे वाक्य सलग तीन इतिवृत्तांत आलं असेल तर ते बिल तुमच्या वाट्याला येणार आहे. मंजूर झालेल्या कामाचे पैसे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, हप्ता मागितला जाईल त्या दिवशी जो मालक असेल त्याच्याकडून घेतले जातात. म्हणून ‘प्राथमिक करारापूर्वी मंजूर झालेली कामं विक्रेत्याच्या खर्चाने’ हे वाक्य नोतेरकडून, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञाकडून, घालून घ्या. अँस्क्री भागाच्या दुरुस्तीला सरकार जास्तीत जास्त 40 टक्के मदत देऊ शकतं, पण प्रत्यक्षात सहसा त्याहून कमी मिळते आणि मंजुरीपूर्वी काम सुरू केलं तर ती हातची जाते. त्राबूल जात असेल तर महापालिकेशी झालेला करारनामा मागा. दिवसा दार उघडं ठेवायचं, बदल्यात पालिका देखभालीचा काही भार उचलते. तुमच्या खिडकीखालून पर्यटक बोलत जातील हेही त्यात आलं.

एजंटने ‘मालरो’ची करसवलत सांगितली असेल तर ती तुमच्यासाठी नाही. ती भाड्याने द्यायच्या घरांसाठी आहे. अशा आराखडा असलेल्या क्षेत्रात ती दुरुस्तीखर्चाच्या 30 टक्के, चार वर्षांत मिळून 4 लाख युरो खर्चाच्या मर्यादेपर्यंत मिळते, पण घर नऊ वर्षं फर्निचरशिवाय भाड्याने द्यायला लागतं. तुम्हाला तिथे राहायचंय. मोन्यूमाँ इस्तोरिकची वेगळी सवलत आहे, तिला 15 वर्षं घर न विकण्याची हमी द्यावी लागते आणि सोसायटीतल्या फ्लॅटला आणखी अटी आहेत. यावर नोतेरचं लेखी मत घ्या आणि किंमत ठरवताना ही सवलत धरू नका.

घ्यावं का? तुम्हाला पुढची दहा-बारा वर्षं या शहरात काढायची असतील, खरेदीनंतर दुरुस्तीला हाताशी पैसे उरत असतील आणि दोघांपैकी एकाला तरी सभांना जाऊन बसायची चिकाटी असेल, तर घ्या. दोन वर्षांत बदली होण्यासारखी असेल तर नको. आणि आईबाबा दरवर्षी सहा महिने येणार असतील तर त्यांना घेऊन तो जिना एकदा चढा. गोल जिन्याच्या पायऱ्या आतल्या अंगाला निमुळत्या होतात आणि मध्ये झिजून वाटीसारख्या झाल्यात. लिफ्ट होणार नाही. तुमचा फ्रिजही त्या जिन्याने जाणार नाही. तो खिडकीतून शिडीच्या यंत्राने घ्यावा लागेल, आणि मेनोच्या खिडकीची मोकळी जागा आधी टेपने मोजून ठेवा.

प्राथमिक करार झाल्यावर त्याची प्रत हाती आली की माघार घ्यायला दहा दिवस मिळतात. तेवढ्यात वरचं काही उरकत नाही, म्हणून हे सगळं सहीच्या आधी करा, आणि खिडक्यांची परवानगी मिळणं तुमच्यासाठी निर्णायक असेल तर तशी अट करारातच घाला.

आणि घर परत एकदा बघायला जा, पण ऊन असताना नाही. लिऑनमध्ये हिवाळी पाऊस लागला की तासभर तरी टिकतो, तेव्हा एजंटला फोन करा. विजेरी न्या. फ्लॅटमध्ये जाण्याआधी चौकात थांबा, मान वर करून पन्हळीची कड बघा, पाणी नळात जातंय की कडेवरून ओघळतंय. नळामागच्या भिंतीला तळहात लावा. मग तळघर उघडायला लावा आणि तिथला वास घ्या. गॅलरीच्या खालच्या अंगाला पांढरे डाग दिसले तर फोटो काढा. वर गेल्यावर प्रत्येक तुळई भिंतीत शिरते तिथे विजेरीचा झोत टाका. आरेतेची ती ओळ, तीन इतिवृत्तं आणि हे फोटो माझ्याकडे पाठवा. भिंतीत दार कुठे काढायचं ते आपण त्यानंतर ठरवू.